बारा लिटर चरबी

त्यागाशिवाय मानवजातीची प्रगती होत नाही. हा त्याग आपल्या पोटावरचा असणार आहे, हे नीलाक्षीला गॅरेजमध्ये आल्यावर कळलं.

जमिनीतलं तेल संपल्यापासून इंजिनात वंगण म्हणून माणसाचीच चरबी घालत. गॅरेजभर शिळी भजी तळल्यासारखा वास होता. तिने नाकाला ओढणी लावली.

तिचा नवरा श्रीरंग आठशे हॉर्सपॉवरच्या गाडीला ड्राय संप बसवून घेत होता.

“त्याचं काय असतं वहिनी,” बोंद्रे मेस्त्री म्हणाले, “साध्या गाडीत तेल इंजिनाखालच्या चेंबरमध्ये असतं. भरधाव वळणावर ते एका बाजूला पळतं, पंप कोरडा पडतो आणि इंजिन जाम! ड्राय संपमध्ये तेलाची टाकीच वेगळी. फक्त बारा लिटर लागतं. साहेबांचं सात निघालं.”

दोघांनीही तिच्या पोटाकडे पाहिलं.

“बाहेरच्या माणसाचं घ्या की!”

“बाहेरचं मिसळलं की दुधासारखं फाटतं हो. घरातलंच लागतं, एका चुलीवरचं.”

“सासूबाई जन्मभर म्हणाल्या, सुनेला चरबी चढलीय. आता त्यांच्या लेकाला ती पुरेना होय?”

“नीलू, तुला बारीक व्हायचंच होतं ना?” श्रीरंग लाडात म्हणाला.

तिने ओढणी नाकावरून काढून पोटावर ओढून घेतली. तरी संसार म्हणून तिने पाच लिटर दिलं, आणि पंधरा दिवस ती कुशीवर वळू शकली नाही.

गाडी आली. घरापासून श्रीरंगच्या ऑफिसपर्यंत एकच वळण आहे, आणि तिथे सिग्नल आहे.