बाबांचं अ‍ॅप

अर्धांगवायूने वाचा गेलेल्या बाबांसाठी प्रोग्रामर लेकीने अ‍ॅप बनवलं होतं. चित्रावर बोट ठेवलं की फोन म्हणायचा, "पाणी दे", "पाठ दुखतेय". बाबा त्यातून जावयाची थट्टासुद्धा करायचे.

गेल्या आठवड्यात फोनच्या कंपनीने नियम बदलले आणि अ‍ॅप बंद पडलं. लेकीने गयावया करत तीन मेल पाठवले. तिन्हींना तेच ठरावीक उत्तर आलं. दुसऱ्या कंपनीच्या फोनवर न्यावं, तर सगळा कोड याच कंपनीच्या साच्यातला. तिथे त्यातली एकही ओळ चालेना.

"बाबा, सगळं पहिल्यापासून लिहावं लागेल. सहा महिने तरी जातील. तोवर थांबाल ना?" तिने विचारलं.



बाबा बराच वेळ काहीतरी सांगत राहिले. तिला एक शब्दही कळला नाही.