मका म्हणजे होय

एनॉस हॉस्किन्सनं यादी तिसऱ्यांदा वाचली, तरी नावं अडतीसच निघाली. त्रेसष्ट मतांच्या गावात अडतीस पुरेशी होती. पण पुढ्यातल्या मक्याच्या भाकरीला त्यानं सकाळपासून हातही लावला नव्हता.

"खाऊन घ्या," त्याची बायको जेरुशा म्हणाली. "तुमच्या उपासानं कुणाचं मत बदलणार नाही."

वेल्सफोर्ड गावाला त्या दिवशी ठरवायचं होतं, की तेरा राज्यांचं मिळून एक राष्ट्र करायचं की नाही. आठ राज्यं होय म्हणाली होती. नववं मिळालं की राष्ट्र उभं राहणार होतं. गाव ज्या राज्यात होतं, त्याच्या सभेत मतं अगदी बरोबरीत होती आणि वेल्सफोर्डचा प्रतिनिधी तेवढा बाकी होता. गाव म्हणेल तसं तो बोलणार होता. त्याचा घोडा खोगीर चढवून सभागृहाबाहेर उभा होता.

एनॉस गावचा चिटणीस असला तरी राष्ट्र वगैरे गोष्टींचं त्याला फारसं प्रेम नव्हतं. त्याचा जीव नदीकाठच्या कुरणात अडकला होता. नदीपलीकडे दुसरं राज्य, आणि कुरण कुणाचं यावरून दोन्ही राज्यांनी माणसं हत्यारांनिशी गोळा केली होती. अलीकडच्या फौजेत त्याचा मुलगा नेथन होता. पलीकडच्या फौजेत त्याचा जावई. राष्ट्र झालं तर तंटा न्यायाधीशांपुढे जाणार होता. नाही झालं, तर नदीचा पूर ओसरला की बंदुका बोलणार होत्या. मग त्याच्या मुलीनं, मर्सीनं, भावासाठी रडायचं की नवऱ्यासाठी, हा विचार मनात आला की त्याला घास गिळवत नसे.

म्हणून तर तो महिनाभर दारोदार फिरला होता. थंडीनं मागच्या पिकाची वाट लावली होती, तरी लोक दारात उभे राहून नीट बोलले. कसं चाललंय म्हणून विचारलं की देवाच्या दयेनं निभतंय म्हणायचे. चिटणिसाला दुसरं कोण काय सांगणार? ज्याचं निभत नसे त्याला वेल्सफोर्ड ठेवून घेत नसे. फेब्रुवारीत क्रॅब कुटुंबाला गाव सोडायला लावणारा कागद एनॉसनंच लिहिला होता. त्याला वाईट वाटलं, पण काम ते काम.

अडतीस जणांनी त्याच्या हातात हात देऊन शब्द दिला होता. भीती होती ती एकाच माणसाची, कॅप्टन असाहेल ट्रिपची. ट्रिपला राष्ट्र नको होतं. त्याची गाडी हल्ली घराघरापुढे थांबताना दिसे, आणि एनॉसला पाहिलं की घरातली माणसं गप्प होत.

वेल्सफोर्डचं मतदान आजोबा-पणजोबांपासून चालत आलं तसं व्हायचं. मक्याचा दाणा म्हणजे होय, घेवड्याची बी म्हणजे नाही. दोन्ही एका टोपलीत ठेवायचे, ज्याला जे हवं ते त्यानं उचलायचं आणि टोपीत टाकायचं. पण कोण काय उचलतो ते ट्रिप पहिल्या बाकावरून डोळे फाडून बघत बसे. एनॉसनं या खेपेला त्याचा बंदोबस्त केला. टोपलीच काढून टाकली. प्रत्येकानं आपला दाणा घरून आणायचा आणि मूठ झाकून टोपीत टाकायचा. कुणाचा दबाव नको, कुणाची भीती नको. या युक्तीवर तो स्वतःच खूश होता.

सभागृहात एकेक जण आला. मूठ टोपीत जाई, मोकळी होऊन बाहेर येई. एनॉसचा बालमित्र झेडॉक प्रॅट आला तो मान खाली घालून, आणि टाकून झाल्यावर थांबलाही नाही.

मग एनॉसनं टोपी टेबलावर पालथी केली.

एकोणीस मका. चव्वेचाळीस घेवडा.

ट्रिपसुद्धा हसायचं विसरून टेबलाकडे बघत राहिला. पाद्रीबाबांनी पुन्हा मोजलं. आकडा तोच आला. एनॉसच्याच हातानं कागद लिहिला गेला, मोहोर लागली, आणि घोडा राजधानीच्या वाटेनं निघूनही गेला.

एनॉस तडक झेडॉकच्या घरी गेला. त्याच्या अंगाचा तिळपापड झाला होता.

"काय दिलं रे ट्रिपनं तुला?"

"घेवडा," झेडॉक म्हणाला. "दोन पोती. मतासाठी नाही. मताचं तो बोललासुद्धा नाही."

"शब्द दिला होतास मला. माझा पोरगा तुझ्या मांडीवर वाढला, झेडॉक. जावयाची गोळी त्याला लागली, तर मर्सीला तोंड तू दाखवणार आहेस?"

झेडॉकच्या बायकोनं ॲप्रनला डोळे पुसले. झेडॉकनं चुलीतलं लाकूड पुढे सारलं. चुलीवर घेवड्याचं मोठं पातेलं रटरटत होतं.

"मला होयच म्हणायचं होतं," तो म्हणाला. "पण दाणा घरून आणा म्हणालास. या घरात जानेवारीपासून मक्याचा दाणा नाही, एनॉस. बियाणंसुद्धा खाऊन झालं. तुझ्याकडे मागितला असता, तर उद्या आमच्या नावाचा कागद निघाला असता. रिकामी मूठ टोपीत घातली असती, तर मोजणीत एक कमी आला असता आणि तू शोधत बसला असतास. मला वाटलं, तुला शब्द दिलेल्यांत घेवडा टाकणारा मी एकटाच असेन."