भक्ष्याची उंची

अवसरीच्या कॉलेजात शिकणाऱ्या माझ्या तेजस्विनीला प्रोजेक्टसाठी कॉम्प्युटरवर ऊस, बिबट्या आणि त्याचं भक्ष्य यांचा खेळ मांडायचा होता. सॉफ्टवेअर दोन होती, त्यातलं एक आजच निवडायचं होतं.

"पहिलं शहाणं आहे," ती म्हणाली. "त्यात माणूस वेगळा धरलाय, बिबट्या त्याच्या वाटेला जातच नाही. दुसरं अडाणी. ते नुसती उंची विचारतं. तीन फुटांच्या आत जे असंल ते भक्ष्य."

मी उद्याच्या खुरपणीसाठी खुरप्याला धार लावत होते. आमचा कांदा उसाला लागून आहे, आणि त्या उसात बिबट्याची मादी व्यालीय हे सगळ्या गावाला ठाऊक आहे.

"पहिलंच घे बाई," मी म्हटलं. "त्यात निदान आपण तरी वाचतोय."

ती हसली. मग माझ्याकडं बघता बघता तिचं हसू गेलं. शिवणाच्या डब्यातली टेप घेऊन आली.

"आई, खुरपायला बसतीस तशी बस बरं. मान खाली घाल."

मी बसले. तिनं जमिनीपासून माझ्या डोक्यापर्यंत टेप धरली.

"किती भरले गं?"

"अडीच फूट."

"मंग बिबट्याकडं कुठलं सॉफ्टवेअर असंल?"



 

उद्यासाठी मी पाच बायका सांगून ठेवल्या होत्या, आणि कांदा काही उभ्यानं खुरपता येत नाही.