पहिली जप्ती

हप्ते थकलेल्या गाड्या ताब्यात घेऊन कंपनीला आणून द्यायचा धंदा भिकाजीने रत्नागिरीत नुकताच सुरू केला होता. पहिलीच गाडी पूर्णगडच्या दाऊदची रिक्षा. दाऊद जेवायला बसलेला पाहून त्याने अंगणातली रिक्षा गुपचूप सुरू केली आणि सुसाट निघाला. आरशात पाहतो तर दाऊद उष्ट्या हाताने, अनवाणी मागे धावतोय, ओरडतोय. भिकाजीने वेग आणखी वाढवला. पण गावाबाहेर इंजिनाने आचके दिले आणि ते बंद पडलं.

दाऊदने येऊन गाडीची दांडी धरली. भिकाजी अंग चोरून म्हणाला, "हात टाकू नको. कंपनीचा माणूस आहे मी."

"ता कळला मला," दाऊद धापा टाकत म्हणाला. "गाडी न्या तुम्ही. पण पुढे मोठा उतार आहे, नि हिचा ब्रेक लागत नाय. सरका, तेवढा उतार मी उतरवून देतो."

भिकाजी मागच्या सीटवर जाऊन बसला. दाऊदने इंजिन पुन्हा चालू केलं आणि गिअरवर रोखत रिक्षा खाली आणली. उतार संपल्यावर दाऊद आपणहून उतरला आणि गावाकडे परत अनवाणीच चढ चढू लागला. भिकाजी पुढच्या सीटवर आला आणि आरशात त्याला पाहत राहिला.