ड्रेसिंगचा पहिला मान

अध्यक्षसाहेबांच्या पायाचं गळू कापलं होतं. पट्टी सोडली की पुवाचा असा भपकारा यायचा, की इतकी वर्षं वॉर्डात काढलेली सिस्टरही मास्कवर दुसरा मास्क चढवायची. साहेबांना मात्र दुःख वेगळंच होतं.

"हे हॉस्पिटल मी उभं केलं, आणि माझं ड्रेसिंग सगळ्यांत शेवटी?"

"साहेब, आधी स्वच्छ जखमा, पू झालेली शेवटी. सगळ्यांना ट्रॉली एकच फिरते. तुमचा पू कुणाच्या ताज्या टाक्यांना लागला, तर जिवावर बेतेल हो."

"म्हणजे मी घाण? बोलाव तुझ्या डॉक्टरला!"

डॉक्टर आले. नियम त्यांनीच घालून दिलेला, पण साहेबांपुढे तो त्यांनीच गुंडाळून ठेवला. "सिस्टर, उद्यापासून साहेबांचं आधी," एवढं बोलून त्यांनी काढता पाय घेतला.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी पाद्यपूजेला बसल्यासारखा पाय पुढे केला. हिरवट पू चिमट्यावरून ओघळला, एक थेंब ट्रॉलीच्या कडेवर पडला. सिस्टरने तो घासून पुसला, पण मनातून काही पुसला जाईना. साहेब मात्र नवरदेवासारखे खुलले होते.

"आता कसं! आणि हे बघ सिस्टर," ते मायेने म्हणाले,


"शेजारच्या खोलीत माझी लेक आहे, कालच सिझर झालंय तिचं. तिलाही ताटकळत ठेवू नकोस. माझ्यानंतर लगेच तिचं कर."