यमुनेची लिंक

मुंबईच्या साहित्य महोत्सवासाठी फुलपाड्यातल्या दोघी शेजारणींनी कविता पाठवल्या. यमुनेची निवडली गेली आणि द्वारकेच्या पोटात दुखू लागलं. महोत्सव मोबाईलवर लाइव्ह दिसणार होता, म्हणून यमुनेने बिल्डिंगच्या ग्रुपवर लिंक टाकली. "मला कुठला वेळ?" म्हणत द्वारकेने ती स्वयंपाकघरात गुपचूप उघडली.

द्वारकेचीच मोत्यांची माळ मागून नेऊन, ती मिरवत यमुना कविता वाचत होती. कोपऱ्यात बघणाऱ्यांचा आकडा होता, एक.

"अगं ऋतिका, बघ तरी! एवढा गाजावाजा, आणि बघतंय कोण, तर एकच माणूस!"

सुनेने डोकावून पाहिलं. "आई, तो एक म्हणजे तुम्हीच."

द्वारकेचा अंगठा बंद करायला गेला. पण मग तिथे शून्य दिसेल, या विचाराने तसाच थांबला. कुकर शिट्ट्यांवर शिट्ट्या देत राहिला, तरी तिने मोबाईल खाली ठेवला नाही.

संध्याकाळी यमुना दारात हजर. "लाइव्हवर एक जण अगदी शेवटपर्यंत थांबला होता म्हणे. कोण देवमाणूस असेल गं?"

 

"असेल कुणीतरी मेलं रिकामटेकडं," चहा टाकता टाकता, पाठमोरीच, द्वारका म्हणाली.