मेणकागदाचा कपॅसिटर

तिसऱ्यांदाही सोल्डरचा थेंब तारेवर न बसता शेजारी सांडला, तेव्हा सुधीरने तापलेलं आयर्न स्टँडवर ठेवून दिलं. उजवा हात थरथरतो म्हणून डाव्याने मनगट धरावं, तर हल्ली डावाही त्यालाच सामील.

"अहो, खिचडी गार होतेय," चित्रा म्हणाली. तिच्या हातात टॉर्च होता. लग्न झाल्यापासून हे असंच चालत आलेलं. त्याने रेडिओचा सेट उघडायचा, तिने टॉर्च धरून बघत उभं राहायचं.

डोंबिवलीच्या त्या फ्लॅटमधलं निम्मं टेबल लष्कराच्या जुन्या रिसीव्हरने अडवलं होतं. मोहने गावच्या भंगारवाल्याकडून आणलेला. बाकी धडधाकट, रोग एकच: मेणकागदाचा एक कपॅसिटर. तो आतून गळायला लागला की पुढचा काचेचा व्हॉल्व्ह जळतो. या जातीच्या प्रत्येक सेटमध्ये तो आज ना उद्या दगा देतोच. नवा बसवायचा म्हणजे दोन तारांचं काम. कोलशेतच्या कंपनीत असताना सुधीरने ते झोपेतसुद्धा केलं असतं.

गेल्या रविवारी त्यांचा मुलगा केदार ठाण्याच्या घोडबंदर रोडवरून आला होता. "बाबा, डॉक्टरांनी कंपवात सांगून वर्ष झालं. गरम आयर्न, वर तो करंट... बस झालं ना आता. टेबल मी नेतो, श्रियाला अभ्यासाला होईल."

"आणि वर्षभरात एवढे सेट चालू केले, ते काय भुतांनी?" सुधीर उसळला होता. मग स्वतःच कबूल करून बसला, "तू परत येईपर्यंत हा सेट बोलला नाही, तर ने टेबल."

आणि आज संध्याकाळी केदार येणार होता.

दोघांचाही एकादशीचा उपास. खिचडीचा चमचा तोंडाशी जाईपर्यंत निम्मा साबुदाणा लुंगीवर. चित्राने वाकून तो वेचला. त्या वेचण्याचाच सुधीरला राग आला, आणि मग रडूच यायला लागलं.

"केदारला फोन कर. टेंपो घेऊनच ये म्हणावं."

"आधी जरा पडा. तुम्हीच म्हणता ना, जुन्या सेटला घाई चालत नाही, त्यालाही आराम द्यायचा नि आपणही घ्यायचा."

तसं तो म्हणायचा खरं. वर्षभरातले सगळे सेट असेच दुपारच्या झोपेनंतर सुतासारखे सरळ आले होते. पण आज त्याला कसलीच आशा नव्हती. कूस बदलता बदलता त्याचा डोळा लागला.

उठल्यावर निव्वळ सवयीने त्याने बटण दाबलं. व्हॉल्व्ह हळूहळू लाल झाले. घुर्र आवाज आला, खरखर आली आणि त्या खरखरीतून कुणीतरी स्वच्छ बातम्या वाचायला लागलं.

"चित्रा! अगं, ये इकडे! बोलला!" त्याने थरथरते हात डोळ्यांसमोर धरले. "म्हणजे थोडं तरी सोल्डर बसलंच होतं! अजून गेले नाहीत गं हे."

लगेच केदारला फोन लावला. "टेंपो नको आणूस. माझ्या नातीला नवीन टेबल घेऊन दे. हे बापाचं आहे!"

चित्रा चहा घेऊन आली. कप तिने डाव्या हातात धरला होता. उजव्या हाताच्या बोटावर टपोरा फोड आला होता.

"हे काय परत?"

"पोळी भाजताना तवा लागला."

"वर्षभर नुसते चटके खातेयस! जन्म गेला पोळ्या करण्यात, आणि आता हा धांदरटपणा?" तो हसत हसत रागावला. "थांब, मलम आणतो."

मलम स्वयंपाकघरातल्या फळीवर असायचं. डबी हातात घेऊन तो वळला आणि तिथेच थबकला. ओट्यावर खिचडीची कढई होती. तवा कालपासून खिळ्याला टांगलेला होता.